उलटं कर्ज, सुलटा होकार

"या घरातून मला हलवणारा माणूस अजून जन्माला यायचाय," असं आर्डिस टॉलेफसनबाईंनी चर्चच्या तळघरात, कॉफीच्या मोठ्या भांड्याशेजारी उभं राहून जाहीर केलं. ऐकणाऱ्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांतल्या निम्म्या जणी लहानपणी बाई चालवत त्याच बसमधून शाळेत गेल्या होत्या. बर्फाचं वादळ असो, रस्ता दिसत नसो, आर्डिसबाईंची पिवळी शाळेची बस आमच्या नॉर्डबी गावात कधी चुकली नाही. अशी बाई हलणार नाही म्हणते म्हणजे हलणार नाही, हे सगळ्यांना पटलं.

पटत नव्हतं ते एकट्या कर्टिसला. कर्टिस म्हणजे बाईंचा मुलगा. आमच्या मिनेसोटातल्या थंडीला कंटाळून तो ॲरिझोनात पळाला आणि तिथल्या उकाड्यात एअर कंडिशनर विकून चांगला गबर झाला. मार्चमध्ये त्याचे वडील, व्हर्लिनराव, घरातल्या जिन्यावरून घसरले आणि त्यांचा खुबा कामातून गेला. घरातलं एकुलतं एक न्हाणीघर नेमकं वरच्या मजल्यावर. व्हर्लिनरावांना सकाळी वर चढवायचं म्हणजे पियानो चढवण्यासारखं काम होतं, आणि पियानो निदान वाटेत सूचना करत नाही.

"आई, मी तुमच्यासाठी जागा बघून ठेवलीये," कर्टिस फोनवर म्हणाला. "साठीच्या पुढच्यांची वसाहत आहे. बर्फ नाही, जिना नाही, गवत कापायला नको, काही नाही."

"काहीच नाही तिथं आम्ही काय करायचं?"

"बाबा परत पडले तर?"

"पडले तर स्वतःच्या जिन्यावरून पडतील."

"हे बघ, थंडीच्या आत खाली न्हाणीघर झालं तर ठीक. नाहीतर मी येतो आणि तुम्हा दोघांना घेऊन जातो. मग रडायचं नाही."

"रडतंय कोण?" असं म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडून घेतलं. रागाचं रडणं होतं ते. त्या घरात त्या नवी नवरी म्हणून आल्या होत्या, आणि आता त्यांना उन्हात वाळत घालायला नेणार होते.

नळकाम करणारा ऑरिन येऊन जागा बघून गेला. जिन्याखालच्या कोठीत न्हाणीघर झकास बसेल म्हणाला. फक्त पाइपासाठी बाहेर खणावं लागेल, आणि जमीन गोठली की कुदळ मारून उपयोग नाही. मग त्याने खर्च सांगितला. तो ऐकताना व्हर्लिनराव खुर्चीत बसलेले होते म्हणून निभावलं.

पैसा नव्हता असं नाही. होता, पण तो भिंतींत अडकलेला. घराची किंमत वाढत वाढत कुठल्या कुठे गेली होती आणि हातात मात्र दोन पेन्शनी. गावातली बँक म्हणाली, जुनं कर्ज मोडा आणि नवं, मोठं घ्या. हे ऐकून व्हर्लिनराव खवळले. व्याजदर तळाला गेले होते त्या वर्षी त्यांनी घराचं कर्ज पावणेतीन टक्क्यांनी बदलून घेतलं होतं. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात, कुणी पकडलेल्या माशाची लांबी सांगतो. व्हर्लिनराव पावणेतीन टक्के सांगायचे. अनोळखी माणसालाही सांगायचे.

"माझ्या पावणेतीनला हात लावलास तर मी ॲरिझोनाला चालत जाईन," ते म्हणाले.

"तुला वर न्हाणीघरापर्यंत चालता येत नाही."

पण आर्डिसबाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. शोधता शोधता त्यांना एक गोष्ट सापडली: दुसरं रिव्हर्स मॉर्गेज. म्हणजे असं, की पहिलं कर्ज त्याच्या लाडक्या व्याजदरासकट जागच्या जागी राहतं. त्याच्या पाठीमागे घरावर दुसरं, उलटं कर्ज मिळतं. त्याला हप्ता नाही. व्याज चढत जातं, चढू दे. पहिल्याचे हप्ते आणि घराचा कर वेळेवर भरला, आणि दोघं त्याच घरात राहिले, तर कोणी दारात येत नाही. दोघं गेले किंवा घर विकलं, की कर्ज देणाऱ्याने घराच्या किमतीतून काय ते वळतं करून घ्यायचं.

"रिव्हर्स म्हणजे जरा धोक्याचं वाटतं गं," व्हर्लिनराव म्हणाले.

"अख्खी बस रिव्हर्स घेतलीये मी, तळ्याच्या काठावर. हे तर घर आहे. जागचं हलतसुद्धा नाही."

कर्टिसला कळलं तेव्हा तो म्हणाला, "आई, ते कर्ज हळूहळू घर खातं."

"खाऊ दे. हप्ते भरताना आम्ही उपाशी राहिलो. आता खायची पाळी आमची."

कर्ज देणारी कंपनी होती कॅलिफोर्नियातली. तिच्या डारियो नावाच्या मुलाचा आवाज फोनवरसुद्धा उन्हात वाढल्यासारखा वाटायचा. सगळं सुरळीत पार पडलं. कर्ज समजावून सांगणारी बाई फोनवर समजावून झाली. घराची किंमत ठरवणारा माणूस येऊन खोल्या मोजून, फोटो काढून गेला. आता फक्त शेवटचा होकार द्यायचा होता, आणि घोडं अडलं ते तिथेच.

कारण आमच्या नॉर्डबीत एकदा विचारल्यावर कोणी हो म्हणत नाही. कॉफी विचारली तर पहिल्यांदा "नको, नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारतात, तेव्हा "कशाला उगाच त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "तुम्ही घेतच असाल तर अर्धा कप" म्हणायचं, आणि मग तीन कप प्यायचे. ताटलीतली शेवटची लिंबाची वडी आमच्याकडे कोणी उचलत नाही. तिचे आधी दोन, मग चार, मग आठ तुकडे होतात आणि उरलेला कण दुसऱ्या दिवशी चिमण्यांना जातो. पहिल्या विचारण्यालाच हो म्हणणारा माणूस एकतर शेजारच्या आयोवा राज्यातला असतो किंवा आजारी असतो.

डारियोचा फोन आला. "आर्डिस, आनंदाची बातमी. सगळं मंजूर झालंय. पुढची तयारी करू? तुम्हाला हवंय ना हे कर्ज?"

आर्डिसबाईंच्या मनात केव्हाच हो होतं. तोंडातून मात्र जन्मभराची सवय बाहेर पडली. "अरे, नको, नको. तू कशाला एवढा त्रास घेतोस?"

"बरं," डारियो म्हणाला. "तुमच्या निर्णयाचा मी पूर्ण आदर करतो."

आणि त्याने फोन ठेवला.

त्या बिचाऱ्याचाही दोष नव्हता. वयस्कर माणूस एकदा नाही म्हणाला की त्याच्यावर दबाव आणायचा नाही, अशी त्याच्या कंपनीची सक्त ताकीद होती. इकडे बाई फोन हातात धरून खुर्चीत बसून राहिल्या, दुसऱ्या विचारण्याची वाट बघत.

"काय म्हणाला?" व्हर्लिनरावांनी विचारलं.

"एकदा विचारलंन. आता अजून दोनदा विचारेल."

दुसरा दिवस गेला. तिसरा गेला. आठवडा उलटला. झाडांची पानं लाल होऊन गळायला लागली आणि ऑरिन जाता-येता अंगणातली माती बुटाने दाबून बघायला लागला.

"तूच कर ना फोन त्याला," व्हर्लिनराव म्हणाले.

"मी? आपण होऊन? आणि काय सांगू, मला पैसे हवेत म्हणून?"

"मग हवेतच ना?"

"हवेत हे वेगळं. हवेत असं म्हणायचं हे वेगळं."

हे व्हर्लिनरावांना पटलं, कारण तेही नॉर्डबीतच वाढले होते.

इकडे समोरच्या घरात लव्हॉनबाई खिडकीशी बसून होत्या. लव्हॉन क्वाम ही बाईंची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि तिच्या खिडकीच्या काचा गावात सर्वांत स्वच्छ. तिने मोजमापवाला माणूस पाहिला होता. घराचे चारी बाजूंनी फोटो काढताना पाहिला होता. त्यानंतर आर्डिस दिवसभर फोनशेजारी बसते हेही पाहिलं. शेवटी न राहवून ती रस्ता ओलांडून आली.

"आर्डिस, सगळं ठीक ना गं?"

आता, पैशाविषयी बोलणं म्हणजे आमच्याकडे आतले कपडे पुढच्या अंगणात वाळत घालण्यासारखं. खरं सांगायची सोय नव्हती. बाई म्हणाल्या, "चाललंय. याहून वाईटही असू शकलं असतं."

झालं. नॉर्डबीत "फार वाईट नाही" म्हणजे उत्तम. "बरं आहे" म्हणजे बरं आहे. पण "याहून वाईट असू शकलं असतं" हे वाक्य लोक घर जळाल्यावर, अंगणात पांघरूण लपेटून उभे असताना वापरतात. लव्हॉनबाईंनी छातीवर हात ठेवला आणि घरी जाऊन फोन उचलला.

दुसऱ्या दिवसापासून हॉटडिश यायला लागल्या. आमच्याकडे कुणावर संकट आलं की लोक बोलत नाहीत, भाजलेलं भांडं घेऊन येतात. खाली खिमा, मध्ये मश्रूमचं डब्यातलं सूप आणि वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्यांची फरशी. पहिली आली तेव्हा आर्डिसबाईंना बरं वाटलं. चौथी आल्यावर संशय आला.

"अगं, आम्हाला खरंच काही नकोय," त्या दारात उभं राहून म्हणाल्या.

"हो, हो," आणणारीने त्यांचा हात दाबला आणि भांडं आत सरकवलं.

बाई जितक्या कळवळून नको म्हणत, तितकी गावाची खात्री पटत गेली. एकदा नको म्हणणं म्हणजे रीत. तीनदा नको म्हणणं म्हणजे गरज. पाचव्यांदाही नको म्हणते, म्हणजे बिचारीच्या घरात अन्नाचा कण नसणार. शिवाय भांडं रिकामं परत करायचं नाही, ही दुसरी रीत. म्हणून बाई दिवसभर वड्या भाजून भांड्यांत घालून परत करत होत्या, आणि स्वतःच्या घासातला घास देते हो, म्हणून लोक डोळे पुसत नवी हॉटडिश धाडत होते. व्हर्लिनरावांचं वजन वाढलं. त्यांना जिना चढवणं आणखी अवघड झालं.

मग लव्हॉनबाई पुन्हा आल्या. या वेळी आवाज अगदी हळू.

"गुरुवारी चर्चच्या तळघरात जेवण ठेवलंय. मीटबॉल आणि कुस्करलेला बटाटा. दारात बादली ठेवू, तिच्यात जमेल ते तुम्हा दोघांना मिळेल."

"लव्हॉन, नको. मी मनापासून सांगते, नको."

"कळतं गं मला."

"तुला कळत नाहीये. नको म्हणजे नको."

लव्हॉनबाईंचे डोळे भरून आले. "किती मानी आहेस तू," त्या म्हणाल्या, आणि जाऊन त्यांनी मीटबॉल दुप्पट करायला सांगितले. जाता जाता कर्टिसलाही फोन केला.

गुरुवारी तळघर भरून गेलं होतं. आर्डिसबाई जाणार नव्हत्या, पण आपल्याच मदतीच्या जेवणाला न जाणं हा आणखी मोठा उद्धटपणा झाला असता. दारात आइस्क्रीमची मोठी रिकामी बादली ठेवली होती आणि येणारा प्रत्येक जण तिच्यात नोट टाकताना दुसरीकडे बघत होता. आर्डिसबाईंना ती बादली उचलून स्वतःच्या डोक्यावर पालथी घालावीशी वाटली. जन्मभर त्यांनी कुणाचं काही घेतलं नव्हतं. आणि आज स्वतःचं घर, स्वतःच्या घरातला पैसा असताना त्यांच्या नावाने बादली फिरत होती.

तेवढ्यात जिन्यावरून उतरला कर्टिस. उन्हाने रापलेला, पातळ जाकिटात कुडकुडत, हातात बॅग.

"आई, हे काय चाललंय? लव्हॉनमावशी म्हणाली घर जातंय."

"घर कुठेही जात नाही."

"मग पैसे मिळाले का तुझ्या त्या कर्जाचे?"

"मिळतील."

"कधी? ऑरिन म्हणतो या आठवड्यात नाही खणलं तर वसंतापर्यंत विसरा." मग त्याचा आवाज उतरला. "आई, मी भांडायला नाही आलो. बाबा त्या जिन्यावर पडलेले असतील आणि मी तिथे लोकांना थंड हवा विकत असेन, हे मला रोज डोळ्यांसमोर येतं. मी तिकिटं काढलीयेत. रविवारची. दोघांची, फक्त जायची."

हे त्याने हळू म्हटलं, पण आमच्या चर्चच्या तळघरात हळू बोललेलंच सगळ्यांत लांब ऐकू जातं. काटे-चमचे थांबले. व्हर्लिनराव पुढ्यातल्या बटाट्याकडे बघत बसले. आणि आर्डिसबाईंच्या पहिल्यांदा लक्षात आलं, की त्यांचं घर ना बँक घेऊन चालली होती, ना मुलगा. ते चाललं होतं त्यांच्याच एका "नको, नको"पायी.

त्यांनी पर्समधून फोन काढला. डारियोचा नंबर लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"डारियो, मी आर्डिस टॉलेफसन. तू परत विचारलं नाहीस."

"परत?" डारियो गोंधळला. "मॅडम, तुम्ही नको म्हणालात."

"ते पहिलं नको होतं."

"म्हणजे एकूण किती असतात?"

तळघरातल्या सगळ्यांनी सहानुभूतीने एकमेकांकडे पाहिलं. पोराला कुणी काही शिकवलंच नव्हतं.

"ते जाऊ दे. माझी मंजुरी आहे का गेली?"

"आहे. उद्या संपतेय. तुम्ही हो म्हणालात तर मी उद्याच सह्यांसाठी माणूस पाठवतो." डारियोने घसा साफ केला. "तर, आर्डिस, तुम्हाला हे कर्ज हवंय का?"

 लव्हॉनबाईंचे ओठ आपोआप हलले: नको, नको. आर्डिसबाईंच्याही जिभेवर ते आलंच होतं, दातांपर्यंत आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"हो," त्या म्हणाल्या. "हवंय."

कुणाच्या तरी हातून काटा पडला.

"अर्धं नकोय, 'तुम्ही देतच असाल तर' असंही नकोय. सगळं हवंय. माझं घर आहे, माझ्याच घरातले पैसे आहेत, आणि मला खाली न्हाणीघर हवंय. मला माझ्या नवऱ्याला माझ्या घरात म्हातारं होताना बघायचंय. ऐकू आलं ना, का परत सांगू?"

"स्वच्छ ऐकू आलं, मॅडम," डारियो म्हणाला. त्याच्या नोकरीत इतका ठाम होकार त्याला बहुधा मिळाला नसावा.

फोन बंद झाला. मग मागून ऑरिन उठला आणि तोंड पुसत म्हणाला, "सह्या झाल्या की परवा सकाळी खणायला येतो." ते ऐकून व्हर्लिनरावांनी शेजारच्याला सांगायला सुरुवात केली की पहिल्या कर्जाचा पावणेतीन टक्के दर मात्र तसाच राहतोय बरं का.

लव्हॉनबाई बादली घेऊन पुढे आल्या. चेहरा गोरामोरा. "आर्डिस, म्हणजे तुम्हाला हे... नको होतं?"

"नकोच होतं. पाच वेळा सांगितलं."

"पण पाचही वेळा तू नको म्हणालीस," लव्हॉनबाई म्हणाल्या. "आम्ही कसं ओळखायचं?"

 बादली चर्चच्या छपरासाठी द्यायची ठरली, कारण छप्पर कधीच नको म्हणत नाही. आर्डिसबाई ताट घेऊन बसल्या. लिंबाची शेवटची अख्खी वडी समोर होती. त्यांनी ती उचलून खाल्ली. कापली नाही, कुणाला विचारलं नाही. आसपासच्या दोन बायकांनी नजर वळवली. बाईंना इतकं मोकळं आयुष्यात वाटलं नव्हतं.

कर्टिस त्यांच्या शेजारी बसला. तिकिटं त्याने खिशात परत सारली होती.

"जिंकलीस आई," तो म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं असावं, कारण त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. मग, नॉर्डबीत जन्मलेल्या मुलाने अशा वेळी जे बोलायचं असतं ते तो बोलला. "आता घरभर खोदकाम, धूळ, बाबांना वर-खाली करायचं. मी राहू का इथेच, थंडीभर? मदतीला?"

विचारून तो सवयीने थांबला, पहिल्या नकाराची वाट बघत. विमानतळावर परत जायच्या गाडीची वेळसुद्धा तो मनात ठरवत असावा.

"हो," आर्डिसबाई म्हणाल्या. "राहा की."

कर्टिसचं तोंड उघडं राहिलं. त्याने आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, मग तळघराच्या छोट्या खिडकीकडे पाहिलं. बाहेर मोसमातला पहिला बर्फ पडायला लागला होता.

व्हर्लिनराव बाईंच्या कानाशी झुकले. घरात अजून तरी एकच न्हाणीघर आहे, आणि कर्टिस आत गेला की तासभर बाहेर येत नाही, हे त्यांना त्या क्षणी आठवलं होतं.

"आर्डिस," ते कुजबुजले, "निदान ह्याला तरी एकदा नको म्हणायचंस गं."